स्टिअरिंगवरचा तळवा

धाकट्याची नवी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि गाडीवेड्या मित्रांमध्ये लगेच जुंपली. लहानपणीच्या तापात दादाचे कान कायमचे गेले होते, पण गाड्यांचं वेड सगळ्यांत जास्त त्यालाच. तो एकेकाच्या ओठांवर नजर ठेवून वाद वाचत होता.

"हिच्यापेक्षा आमचा मिक्सर बरा ओरडतो," त्यांच्यातला डॉक्टर म्हणाला. "मी आपला हायड्रोजन इंजिनवाल्या गाडीसाठी थांबणार."

"थांब. तोवर तुझे उरलेले केसही जातील," धाकटा म्हणाला. "आवाज नाही म्हणून रडताय नुसते. दादाला बघा, त्याला काही फरक पडतो का?"

सगळे हसले. दादाही हसला आणि गाडीत जाऊन बसला. धाकट्याने बटण दाबून दिलं.

दादाने नेहमीसारखा स्टिअरिंगवर तळवा टेकवला. मग दारावर टेकवून पाहिला, मग डॅशबोर्डवर. पाठ सीटला घट्ट लावली. बूट काढून तळपाय खाली दाबले. पुन्हा स्टिअरिंग धरलं, सोडलं, धरलं.

"चालू कर ना," तो धाकट्याला म्हणाला.

"चालूच आहे, दादा."

दादाने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या जुन्या पेट्रोल गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे.

"मला काहीच ऐकू येत नाहीये रे," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत ही तक्रार त्याने पहिल्यांदाच केली होती.