ॲक्सिलेटरची मूठ

दिपमालाला अकराच्या आत धुळ्याला पोहोचून नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि अमळनेरला घरच्या अंगणात वडिलांच्या मोटरसायकलचा ॲक्सिलेटर फिरता फिरेना.

वडिलांनी, निंबाभाऊंनी, काटकसर म्हणून केबलमध्ये घरातलंच सरकीचं तेल सोडलं. मूठ आणखी जड झाली.

"निंबाभाऊ, गाडी बिघडनी, का पोरले धाडानं नही शे?" शेजारच्या प्रमिलाबाईंनी कुंपणावरून टोमणा मारला. निंबाभाऊ हसले नाहीत. पोरीनं गाव सोडू नये असं त्यांना वाटतं, हे गल्लीला ठाऊकच होतं.

शेवटी त्यांनी केबलच काढून फरशीवर ठेवली. आता मूठ सैल व्हायला हवी होती. ती तसूभरही हलली नाही.

निंबाभाऊ तेलकट हात धुवायला नळावर गेले. दिपमालानं खांद्याला बॅग अडकवली आणि स्वतः मूठ पिळून पाहिली.

"राहू द्या आबा, नाही जात मी!" ती वैतागली.

मूठ अलगद फिरली.

ती चपापली. मग सावकाश म्हणाली, "नाही, जाणारच. एसटीनं जाते."

मूठ घट्ट झाली. निंबाभाऊ अजून नळावरच होते, पाठमोरे. दिपमालानं हात काढून घ्यायला ओढला. तो निघेना.