पुढ्यातला सर्व्हर

ऑफिसच्या रजा-अर्जांचा प्रोग्राम बापूंनी एकहाती लिहिलेला. नव्या पोरीने त्याच्यापुढे आपला सर्व्हर बसवला. लोकांनी सर्व्हरकडे मागायचं, त्याने आतल्या प्रोग्रामकडून आणून द्यायचं. झालं, जो तो तिचंच कौतुक करू लागला.

"राबायचं मी आणि मिरवायचं हिने!" बापूंच्या पोटात दुखायला लागलं.

एका सकाळी त्यांनी गुपचूप प्रोग्राम बंद केला आणि तिचा फोन खणखणायची वाट बघत बसले. तास झाला तरी कोणी हूं की चूं करेना. शेवटी न राहवून त्यांनी स्वतःच रजा-अर्जाचं पान स्क्रीनवर उघडलं. आतलं काही बंद पडलं तर दिसावी म्हणून तिने पहिल्याच दिवशी पाटी लावून ठेवली होती:

"जरा धीर धरा. प्रोग्राम आमच्या बापूंचा आहे. काय झालंय ते त्यांना आधीच कळलं असेल."