भिंतीवरचे सासरे

नायिकेच्या दिवंगत सासऱ्यांचा फोटो शूटिंगच्या ऐन वेळी सापडेना, तेव्हा मालिकेचा सेट सजवणाऱ्या शर्वाणीने आपल्याच बाबांचा फोटो छापून आणला, चंदनाचा हार घातला आणि दिला टांगून भिंतीवर.

बाबा कराडला चांगले ठणठणीत होते. लेकीने बँकेतली नोकरी सोडून ‘खोटी घरं’ सजवायला घेतल्यापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. तिची मालिका तर आपण बघतच नाही, असं ते चारचौघांत सांगत.

तो भाग दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला. “अगं, जिवंत माणसाला हार घालतात का? काढ तो आधी!”

“चुकलं गं आई, आजच फोटो उतरवते.”

तेवढ्यात बाबांनी फोन हिसकावून घेतला.

“खबरदार उतरवलास तर! मी आहे की गेलो, ते बघायला सकाळपासून अख्खी कॉलनी येऊन गेली. मजा आली!”

बाबांनी घसा खाकरला.

“आणि तुझ्या मालिकेतल्या त्या स्वयंपाकघरातली काचेची बरणी दिवाळीपासून रिकामीच दिसतेय. घरी ये, आईचं लोणचं घेऊन जा.”