गोळ्याचा गज

“राजदीपचा आवाज बदलला, पोरी,” सासरे उकंडाजी फोन परत देत म्हणाले. रुपालीनं ते मनावर घेतलं नाही. नवरा महागावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा; तिथंच खोली करून राहायचा. दिवसभर धूळ खायची आणि शेतकऱ्यांच्या कापसाच्या गाड्या परत पाठवून शिव्या खायच्या. घसा बसणारच. तिचं डोकं उठवलं होतं त्या गजानं.

हातभर लोखंडी गज. एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला वापरून गुळगुळीत झालेला लाकडी गोळा. कापसातली सरकी काढायची जिनिंग मिल बंद पडल्यावर सासऱ्यांनी फिटरकीची सगळी हत्यारं विकली, हे एवढं ठेवलं. ती माळ्यावर टाकायची, ते खाली आणायचे. दोन वर्षांची चिमी ते घेऊन घरभर पळायची. डोळ्यात गेलं म्हणजे?

बी.एस्सी. झालेल्या बाईला घरातली वस्तू ओळखू येत नाही, याचाही राग होताच. भंगारवाला म्हणाला, कापसाच्या गाठीत खुपसायचं असेल. शेजारच्या बेबीताईंनी साप मारायचं म्हणून ठरवूनच टाकलं. सगळ्या मोहल्ल्याला विचारून झालं. सासऱ्यांना तेवढं नाही. त्यांना विचारलं की जिनिंगचं पुराण सुरू.

मंगळवारी सकाळी भीमराज आले, सासऱ्यांचे मिलमधले जोडीदार. सासरे बाहेर गेले होते. रुपालीनं चिमीच्या हातून गज हिसकला आणि त्यांच्यापुढे धरला. हे आहे तरी काय एकदाचं?

भीमराजनी टोक फ्रिजला टेकवलं, गोळा कानाला लावला, हसले.

“मशीन वरून मस्त चालून राहे. उकंडा असा कान लावे अन् म्हणे, आवाज बदलला. मालक हासे. आठ दिवसांत बेअरिंग जाये. एकडाव नाही चुकला थो.”

रुपालीनं फोन लावला. “मजेत आहे मी,” राजदीप म्हणाला. पंधरा दिवस हेच म्हणत होता. या वेळी तिनं शब्द सोडून दिले, नुसता आवाज ऐकला. गॅस बंद केला, चिमीला कडेवर घेतलं आणि मिळेल त्या बसनं महागावला निघाली.

खोलीचं दार उघडायला फार वेळ लागला. राजदीप उंबऱ्यातच खाली बसला. एका शेतकऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिला. त्याची कापसाची गाडी यानंच परत पाठवली होती. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं जीव दिला होता.

तुमचंही कोणी रोज फोनवर मजेत असेल. एकदा जाऊन पाहून या.