न टोचलेल्या माशा

"तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी माशांना सुई लावायची नाही हं, सिद्धेश्वरी," माझ्या गाईड मॅडमनी प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

जंतूंत बुडवलेली सुई मी दुसऱ्याच बाटलीतल्या फळमाशांना टोचते. तरी सलग तिसऱ्यांदा निरोगी माशांच्या पाठीवर टोचल्याचे काळे डाग निघाले.

"उपासानं भोवळ आली असंल ताई, तुमीच टोचल्या की!" प्रयोगशाळेतला मदतनीस संगमेश हसला.

प्रयोग आणखी एकदा बिघडला तर माझी पीएचडी बुडणार होती. म्हणून आज ताज्या निरोगी माशा झोपवून भिंगाखाली घेतल्या आणि राखणीला बसले. पाठी स्वच्छ होत्या. रोजच्यासारखी हातात जपमाळ घेतली.

पहिला मणी ओढला. एका पाठीवर डाग उमटला.

दुसरा ओढला. शेजारच्या माशीवर उमटला.

मी थांबले. डागही थांबले.

पण जप अर्धवट सोडणार नाही, असा शब्द मी महादेवाला दिलाय. भिंगावरचा डोळा न काढता मी हळूच पुढचा मणी ओढला.