लाल रेघेचा खर्च

लेझरची की-चेन, एस.टी. स्टँडसमोरून: साठ रुपये. फुगा: एक रुपया. डालड्याचा डबा: घरचाच, बूड कापून. आरशाचा तुकडा: उन्मेषच्या दाढीच्या आरशाचा, त्याला आता लागत नाही.

डब्याच्या एका तोंडावर फुग्याचं रबर ताणायचं, त्यावर आरसा चिकटवायचा, आरशावर लेझर रोखायचा. डब्यात मागून आवाज गेला की भिंतीवर लाल रेघ नाचते.

उन्मेषने वारण्याआधी मस्कतहून बोलून पाठवलेली एकच कॅसेट होती. ती आली तेव्हा त्याच्या आईला, मालिनीला, ऐकू येणं पार बंद झालं होतं. निदान दिसावं तरी, म्हणून त्याच्या वडिलांनी, परशुरामांनी, हा खटाटोप मांडला. रेघ जमेपर्यंत त्यांनी ती कॅसेट चाळीस वेळा वाजवली. एकेचाळिसाव्या वेळी फीत गुंतली आणि तिचे तुकडे झाले.

कॅसेट: (पुढे आकडा लिहिलेला नाही.)

मालिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पाठीमागे परशुरामांनी डब्याला रेडिओ टेकवला. बातम्या चालू होत्या. रेघ नाचू लागली.

मालिनी बराच वेळ बघत राहिली.

"अहो, हा आपला उन्मेष नव्हे. तो 'आई' म्हणताना तीनदा अडखळायचा. ही मेली रेघ कुठे थांबतच नाही."

परशुरामांनी रेडिओ बंद केला. वाकून डब्याला तोंड लावलं.

"आ... आ... आ..."

"हां," मालिनी भिंतीला म्हणाली. "सावकाश बोल, बाळा. मी आहे इथेच."