वीस की तीस

"व्हिटॅमिन डी तिसाच्या आत म्हणजे कमीच. साठ हजार युनिटची गोळी, आठवड्यातून एकदा," दीर म्हणाला. तो हाडांचा डॉक्टर. वहिनीच्या मनगटाला प्लास्टर त्यानंच घातलं होतं.

"दादा, माणसाला देतोयस की बैलाला?" नणंद म्हणाली. ती कॉलेजात आहारशास्त्र शिकवायची. "तिचं व्हिटॅमिन डी एकवीस आलंय. विसाच्या वर म्हणजे पुरेसं. रोजचे सहाशे युनिट खूप झाले."

"सहाशेनं काय होणार? दर्या में खसखस! हाड मोडलंय तिचं."

"स्टुलावरून पडलं की कुणाचंही मोडतं. तुम्हा लोकांना दिसेल त्याला गोळ्या द्यायची खोड."

"आणि तुम्हाला पुस्तक वाचून डोस ठरवायची!"

दोघांच्या मध्ये बसून वहिनी एका हातानं टॉवेलच्या घड्या घालत होती. घडी उलगडायची. ती पुन्हा घालायची. मनगट मोडल्याचं तिनं घरात दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. तेही हात सुजून टम्म झाला, जाऊबाईंनी विचारलं, तेव्हा.

लहानपणापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. असं जुंपलं की थोरला भाऊ मध्ये पडायचा, एकेकाला दटावून गप्प करायचा. आता मध्ये पडायला कुणी नव्हतं. आवाज चढतच गेले. वीस. तीस. सहाशे. साठ हजार. नणंदेचे डोळे भरून आले होते, तरी दोघंही आकड्यांवरून हटेनात.

शेवटी दीर वळला. "वहिनी, तुम्हीच सांगा हिला. उन्हात शेवटच्या कधी गेला होतात?"

वहिनीनं टॉवेलची कड हनुवटीखाली धरून नीट जुळवली.

"ह्यांना नेलं त्या दिवशी," ती म्हणाली. "फार कडक ऊन होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर छत्री धरली होती, भाऊजी."

नणंद उठून खिडकीशी गेली. पडदा ओढायला तिनं हात उचलला आणि तसाच ठेवला. दीर टेबलाकडे बघत राहिला.

वहिनीनं घडी बाजूला ठेवली. तिनं विचारलं,

"मग ती गोळी दुधाबरोबर घ्यायची की पाण्याबरोबर?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते एकच होतं.